लाटेवर उभं राहायचं तर

(नागपूर येथे निरनिराळ्या महिला गटांच्या एकत्रित मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

मेळाव्याच्या पत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय वाचून काहीजणी हसल्या असतील. ‘सर्फिंग शिकणाऱ्या मुलींची शारीरिक तयारी’! नागपूरहून मुंबईचा समुद्र रेल्वेने 800 किलोमीटरहून जास्त लांब आहे. आपल्याकडे लाट म्हटली की उष्णतेची. शिवाय आपल्यापुढे हुंड्याचे, मारहाणीचे, रोजगाराचे प्रश्न असताना हा फळीवर उभं राहण्याचा श्रीमंती खेळ मध्येच कुठून आला, असंही कुणाच्या मनात येईल. त्या शंकेला उत्तर देण्यासाठीच मी हा विषय घेतला आहे.

मी अनेक वर्षं मुलींच्या शाळेत शारीरिक शिक्षण शिकवलं. माझ्या दोन माजी विद्यार्थिनी, एक परिचारिका आणि एक बँकेत नोकरी करणारी, माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, “बाई, आम्हाला गोव्याला जाऊन सर्फिंग शिकायचंय. चार महिने हातात आहेत. तयारी करून द्या.” दोघींनाही पोहता येत नव्हतं. मग तयारी सुरू झाली. या चार महिन्यांत जे प्रश्न समोर आले, ते सगळे आपल्या चळवळीचेच प्रश्न होते. शरीर कुणाचं, वेळ कुणाचा, पाणी कुणाचं आणि ताकद कशासाठी? त्याच क्रमाने नाही, पण या चारही प्रश्नांवर मी बोलणार आहे.

आधी हा खेळ काय आहे ते सांगते. एक लांबट फळी असते, तिला बोर्ड म्हणतात. नवशिक्या मुलीला 8 ते 9 फुटांची, मऊ फोमची फळी देतात. तिच्यावर पालथं पडून, दोन्ही हातांनी पाणी मागे सारत लाटांच्या पलीकडे जायचं. तिथे थांबायचं. योग्य लाट आली की तिच्या पुढे जोरात हात मारायचे, आणि लाटेने उचललं की एका झटक्यात फळीवर उभं राहायचं. फोटोत आपल्याला दिसतं ते फक्त उभं राहणं. अभ्यासकांनी स्पर्धकांचा पाण्यातला वेळ मोजला आहे. त्यातला साधारण निम्मा वेळ हात मारण्यात जातो, बराचसा वाट पाहण्यात जातो, आणि प्रत्यक्ष लाटेवर स्वार होण्याचा वेळ शंभरातला जेमतेम 4 ते 8 भरतो. आपल्या कामासारखंच आहे हे. मोर्चाचा फोटो एका दिवसाचा, आणि त्यामागच्या वस्तीतल्या बैठका वर्षभराच्या.

बायकांनी हा खेळ आता कुठे सुरू केला असंही नाही. हवाई बेटांवर हा खेळ जुना आहे आणि तिथे बायका पुरुषांच्या बरोबरीने लाटांवर जात. काहुमानू नावाची तिथली राणी त्यासाठी प्रसिद्ध होती. पुढे परदेशी मिशनरी आले, त्यांना हे उघडं अंग आणि स्त्री-पुरुषांनी एकत्र खेळणं पसंत पडलं नाही. आपल्या देशात मुंबईची इशिता मालवीय 2007 साली मणिपालला शिकत असताना या खेळाकडे वळली आणि पुढे तिने तुषार पथियान या मित्राबरोबर कर्नाटकातल्या कोडी बेंगरे गावात सर्फिंग शिकवण्याचं केंद्र काढलं. भारतातली पहिली व्यावसायिक स्त्री सर्फर म्हणून आज तिचं नाव घेतात.

आता तयारीकडे येते. पहिली तयारी पोहण्याची. मी त्या दोघींना सांगितलं, न थांबता 200 मीटर पोहता येईपर्यंत आणि हात-पाय हलवत पाण्यात उभं तरंगणं दहा मिनिटं जमेपर्यंत समुद्राचं नाव काढायचं नाही. बोर्ड पायाला दोरीने बांधलेला असतो, पण ती दोरी तुटू शकते. मग आपण आणि पाणी, दोघंच उरतो.

मैत्रिणींनो, इथे आपण जरा थांबू या. पाण्यात तरंगता येणं ही खेळाची गोष्ट आहे की जगण्याची? 30 जुलै 1991 ला आपल्याच जिल्ह्यात, नरखेड तालुक्यातल्या मोवाड गावात वर्धा नदीचा पूर शिरला आणि 204 माणसं गेली. 23 सप्टेंबर 2023 ला पहाटे नागपुरात चार तासांत 100 मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी घराघरांत घुसलं. त्या पहाटे जे मरण पावले त्यांत घरातून बाहेर पडू न शकलेल्या वयस्क, आजारी बायका होत्या. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीनंतर ऑक्सफॅम या संस्थेने पाहणी केली. तामिळनाडूतल्या कडलूर जिल्ह्यात पुरुषांच्या जवळपास तिप्पट बायका मेल्या होत्या. कारणं काय सापडली? पुरुष होड्या घेऊन खोल समुद्रात होते, तिथे लाट खालून निघून गेली. बायका किनाऱ्यावर मासळीची वाट पाहत होत्या किंवा घरी मुलं आणि म्हातारी माणसं सांभाळत होत्या. अनेक ठिकाणी बायकांना पोहता येत नव्हतं, झाडावर चढता येत नव्हतं.

पुराच्या लोंढ्यात पोहता येणारीही वाहून जाऊ शकते, हे मला ठाऊक आहे. अंथरुणाला खिळलेल्या बाईला पोहणं शिकवून वाचवता आलं नसतं. तिच्यासाठी वेळेवर सूचना हवी, नाल्याकाठची बांधकामं थांबवायला हवीत. पण जिला चालता-धावता येतं, तिच्या वाट्याला तरी पाण्याची भीतीच का यावी? गावातल्या विहिरीत भाऊ पाठीला कोरडा भोपळा किंवा रिकामा डबा बांधून पोहायला शिकला. बहीण काठावर त्याचे कपडे सांभाळत बसली. निसर्गाने हा फरक केलेला नाही, घराने केला.

आणि साडी! पाच वारी साडी भिजली की पायांभोवती गुंडाळते, ओढणी गळ्याशी आवळते. मी मुलींना शिकवते की पाण्यात पडलात तर आधी ओढणी फेकून द्या. लाज नंतर सांभाळता येईल. हे वाक्य शाळेत म्हटल्याबद्दल एका पालकांनी माझ्याकडे तक्रार केली होती. तरीही मी ते म्हणत राहिले.

दुसरी तयारी जमिनीवरची, आणि ती नागपुरात बसून पूर्ण करता येते. त्यासाठी महागडी जिम लागत नाही. आम्ही हे सगळं गच्चीवर केलं.

हात मारण्यासाठी खांदे आणि पाठ लागते. सतरंजीवर पालथं पडायचं, छाती थोडी उचलायची, मान ताठ न करता नजर पुढे ठेवायची आणि पाणी ओढल्यासारखे हात चालवायचे. अर्धा मिनिट हात, अर्धा मिनिट विसावा, असं सहा वेळा. पहिल्या दिवशी कंबर बोलते, म्हणून दोन वेळांपासून सुरुवात करायची. खिडकीच्या गजाला सायकलची जुनी ट्यूब बांधून ती दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढायची, खांद्याची पाती एकमेकींजवळ आणायची. हा व्यायाम विसरू नका. नुसते पुढून हात मारत राहिलं तर खांदा पुढे वाकतो आणि दुखायला लागतो. घरकामातही आपण पुढेच वाकतो. धुणं पुढे, भांडी पुढे, पोळपाट पुढे. म्हणून मागे ओढण्याचे व्यायाम आपल्याला दुप्पट हवेत.

झटक्यात उभं राहण्यासाठी आपल्या आखाड्यातला जोर उत्तम. जोर काढताना छाती खालून वर जाते, कंबर झुलते, हातांवर सगळा भार येतो. सुरुवातीला भिंतीला हात टेकून, मग पलंगाच्या काठावर, मग जमिनीवर, असं पायरीपायरीने जायचं. बायकांना जोर जमत नाहीत हे मी कधीच मानलं नाही. त्यांना कुणी काढू दिले नाहीत, एवढंच. मग खडूने फरशीवर बोर्डाचा आकार काढायचा. त्यावर पालथं पडायचं आणि हात रेटून एका दमात दोन्ही पाय छातीखाली आणून उभं राहायचं. एक पाऊल पुढे, एक मागे, गुडघे वाकलेले. सावकाश वीस वेळा नीट जमलं की मग वेग वाढवायचा.

पायांसाठी बैठका. तोलासाठी घडी घातलेल्या गादीवर एका पायावर उभं राहायचं, आधी डोळे उघडे ठेवून, मग मिटून. आणि फुगडी! बसफुगडी घालून पाहा. मांड्या पेटतात, तोल सांभाळावा लागतो, दमसास लागतो, आणि समोरच्या मैत्रिणीच्या पकडीवर विश्वास ठेवावा लागतो. आपल्या आज्या-पणज्या जे सणाला खेळल्या, त्यात पायांचा किती मोठा व्यायाम होता! पण तो वर्षातून चार दिवसांपुरता, सणाच्या नावाखाली. रोज स्वतःसाठी फुगडी घालणारी बाई मात्र वेडी ठरते.

पडायलाही शिकावं लागतं. बोर्डवरून पडताना डोक्यावर सूर मारायचा नाही, कारण तळ उथळ असू शकतो. अंग पसरून पाण्याच्या पृष्ठभागावर पडायचं आणि वर येताना दोन्ही हातांनी डोकं झाकायचं, म्हणजे आपलाच बोर्ड डोक्यावर आदळत नाही. समुद्राच्या आत ओढणारा प्रवाह लागला तर त्याच्याशी झगडून सरळ किनाऱ्याकडे येण्याचा प्रयत्न करायचा नाही. ताकद संपते. किनाऱ्याला समांतर पोहत त्या प्रवाहाच्या पट्ट्याबाहेर पडायचं, मग किनाऱ्याकडे वळायचं. पोहता येईना तर तरंगत राहून हात वर करायचा आणि मदत मागायची.

एक ताकीद. श्वास रोखण्याचा सराव पाण्याखाली एकटीने कधीही करू नका. आणि बुडी मारण्याआधी भराभर दीर्घ श्वास घेऊ नका. त्याने शरीराला श्वासाची गरज कळेनाशी होते आणि माणूस पाण्याखाली अचानक बेशुद्ध पडतो. चांगले पोहणारेही असे गेले आहेत. लाटेखाली सापडल्यावर उपयोगी पडतो तो शांतपणा, आणि तो येतो सावकाश श्वास सोडण्याच्या सवयीतून आणि पोहण्याच्या सरावातून.

आमचं आठवड्याचं वेळापत्रक असं होतं. तीन दिवस जमिनीवरचा व्यायाम, तीन दिवस पोहणं, आणि एक दिवस पूर्ण विश्रांती. या शेवटच्या दिवशी खरी अडचण आली.

परिचारिका असलेली मुलगी म्हणाली, “बाई, विश्रांतीचा दिवस म्हणजे घरचं साचलेलं काम काढायचा दिवस.” आणि हे ऐकलं की आपल्या बैठकीत नेहमी येणारं वाक्य आठवतं. “आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला व्यायाम काहून पाहिजे?” वाक्य चुकीचं नाही, पण अर्धं आहे. राबण्याने शरीर झिजतं, कमावलेलं शरीर मात्र वाढतं. फरक कुठे आहे? व्यायामात भार आपण ठरवतो, हळूहळू वाढवतो, दोन्ही बाजू सारख्या वापरतो, त्यानंतर खातो आणि झोपतो. स्नायू व्यायाम करताना वाढत नाही, नंतरच्या विश्रांतीत आणि अन्नावर वाढतो. बांधकामावर विटा वाहणारी बाई खेळाडूहून जास्त वजन उचलते, पण तिचा भार मुकादम ठरवतो, आणि घरी परतल्यावर तिला चूल दिसते, ताट सगळ्यांच्या नंतर मिळतं.

2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी 54.2 टक्के बायकांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. अशा बाईला दोन जिने चढून धाप लागते. तिला ‘मन घट्ट कर, धाव’ असं सांगणं हा अन्याय आहे. म्हणून माझ्या तयारीची सुरुवात रक्ततपासणीने होते. मग डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या, डाळ, चणे, शेंगदाणे, हिरव्या भाज्या, जमेल तिथे अंडी-मटण, लिंबू, आणि जेवणाबरोबरचा चहा बंद.

आणखी एका गोष्टीवर आपण कुजबुजतच बोलतो. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या बायकांची तपासणी केली होती. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 1989 साली ते निष्कर्ष आले. 92 टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता आणि त्यातल्या फारच थोड्या उपचारांपर्यंत पोहोचल्या होत्या. खेळाच्या मैदानावर हे माझ्यासमोर वेगळ्या रूपात येतं. दोरीच्या उड्या मारायला सांगितलं की दोन बाळंतपणं झालेली बाई मागे सरकते. उडी मारली की लघवी होते, किंवा अंग बाहेर येतं, हे ती सांगणार कुणाला? ओटीपोटाच्या तळाचे स्नायू बाळंतपणात सैल पडतात. लघवी रोखल्यासारखे ते आवळायचे, पाच अंक मोजायचे, सैल सोडायचे, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. हा व्यायाम बसल्या जागी करता येतो. अंग बाहेर येत असेल तर मात्र उड्या आणि जड वजन थांबवून आधी डॉक्टरांना दाखवायचं. सर्फिंग करणाऱ्या मुलीचा व्यायाम आणि हा व्यायाम वेगळे नाहीत. दोन्हीचं मूळ पोटाच्या आणि ओटीपोटाच्या ताकदीत आहे.

विश्रांतीची मागणी या शहरात पूर्वीच झालेली आहे. 20 जुलै 1942 ला नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली होती. अध्यक्ष होत्या सुलोचनाबाई डोंगरे. त्या परिषदेच्या ठरावांत घटस्फोटाचा हक्क आणि बहुपत्नीत्वाला बंदी या मागण्या होत्या. आणि त्याबरोबर गिरण्या, बिडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वेत काम करणाऱ्या बायकांना वर्षाला 21 दिवसांची किरकोळ रजा, महिन्याची हक्काची रजा, दुखापतीची भरपाई आणि 20 वर्षांच्या नोकरीनंतर पेन्शन मिळावं, असाही ठराव होता. कष्टकरी बाईच्या थकलेल्या शरीराला राजकीय मागणीचं स्थान देणाऱ्या त्या आपल्या पूर्वज आहेत. व्यायामशाळा काढताना त्यांचा ठराव विसरलो, तर ती फक्त सवड असलेल्यांची व्यायामशाळा होईल.

आता कपडे आणि लोकांच्या नजरा. दोघींच्या घरून ओळीने आक्षेप आले. काळ्या पडाल. खांदे पुरुषासारखे होतील. चारचौघांत ओले कपडे. पाळी आली तर काय? यातला एकेक घेऊ. रंग उन्हाने बदलतो आणि बदलला तर बदलू दे. लग्नाच्या बाजारात सावळ्या मुलीची किंमत कमी होते, हा दोष बाजाराचा आहे. खांदे थोडे भरतात, आणि भरलेच पाहिजेत, त्याशिवाय पाणी ओढता येत नाही. कपड्यांचं म्हणाल तर सर्फिंग करणारे पुरुषसुद्धा ऊन आणि बोर्डाचं घर्षण टाळण्यासाठी अंगाला घट्ट बसणारे पूर्ण बाह्यांचे कपडे घालतात. हात-पाय झाकणारा पोहण्याचा पोशाख मिळतो. जिला डोकं झाकायचं आहे तिने झाकावं, जिला तोकडा पोशाख घालायचा आहे तिने तो घालावा. कपडा पाणी धरणारा आणि लोंबणारा नसावा, एवढीच अट पाण्याची आहे. बाकीच्या अटी माणसांच्या आहेत. पाळीत पाणी विटाळत नाही. कप किंवा टॅम्पॉन वापरून पोहता येतं. पॅड मात्र पाण्यात उपयोगाचं नाही. पोटात दुखत असेल तर त्या दिवशी विश्रांती घ्यावी. तो निर्णय तिचा.

पोहण्याच्या सरावासाठी आम्ही एका तलावावर चौकशीला गेलो. बायकांसाठी वेळ होती दुपारी बारा ते एक. उन्हाळ्यातलं नागपूरचं दुपारचं ऊन तुम्हाला सांगायला नको. सकाळ-संध्याकाळच्या साऱ्या वेळा ‘जनरल’, म्हणजे व्यवहारात पुरुषांच्या. शिकवायला बाई नाही. कपडे बदलायच्या खोलीला कडी नाही. विचारलं तर उत्तर मिळालं, “बायका येतच नाहीत.” मैत्रिणींनो, हे उत्तर आपण किती ठिकाणी ऐकलं आहे! सभेला बायका येतच नाहीत, तक्रार करायला बायका येतच नाहीत. आम्ही वीस बायकांच्या सह्यांचं पत्र दिलं. तीन आठवड्यांनी सकाळची एक वेळ मिळाली आणि दाराला कडी लागली. शिकवणारी बाई अजून मिळायची आहे.

याच संदर्भात परदेशातली एक लढाई सांगते. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर मॅव्हरिक्स नावाची जागा आहे. तिथे अतिशय उंच लाटा येतात. तिथल्या स्पर्धेत वर्षानुवर्षं फक्त पुरुष असत. बायकांना एवढी लाट झेपणार नाही, असं म्हटलं जाई. बियांका व्हॅलेंटी, कियाला केनेली, अँड्रिया मोलर आणि पेज आल्म्स या चौघी त्याच लाटांवर जाणाऱ्या होत्या. 2016 साली त्यांनी समिती स्थापन केली. त्यांनी युक्तिवाद कोणता केला पाहा. किनारा सरकारी, म्हणजे सर्व नागरिकांचा. तिथे स्पर्धा भरवायला सरकारी परवाना लागतो. मग सार्वजनिक जागेवर भेदभाव करणाऱ्याला परवाना का द्यायचा? परवाना देणाऱ्या मंडळांपुढे त्या उभ्या राहिल्या. बायकांची फेरी मान्य झाली आणि पुढे बक्षिसाच्या समान रकमेची अट आली. दरम्यान, जून 2018 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या एका कुमार गटाच्या स्पर्धेचा फोटो जगभर फिरला. विजेत्या मुलाच्या हातात 8000 रँडचा धनादेश, विजेत्या मुलीच्या हातात 4000 चा. समुद्र तोच, लाटा त्याच. सप्टेंबर 2018 मध्ये वर्ल्ड सर्फ लीगने 2019 पासून आपल्या सर्व स्पर्धांत समान बक्षीस देण्याचं जाहीर केलं. 2019 मध्ये कॅलिफोर्नियाने सरकारी जमिनीवरच्या स्पर्धांसाठी तसा कायदाच केला.

त्यांच्या समितीने जो धागा पकडला तो आपल्याला नवा नाही. पाणी सार्वजनिक असेल तर ते सर्वांचं, हे 20 मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आणि त्यांच्याबरोबर आलेल्या हजारोंनी ओंजळीने सांगितलं. तिथे प्रश्न तहानेचा आणि माणूसपणाचा होता. पोहण्याच्या तलावाची त्याच्याशी बरोबरी मी करत नाही. पण ज्या तलावाला आपल्या कराचा पैसा लागतो, तिथे वेळ कुणाला, शुल्क किती आणि कुठल्या वस्तीतल्या मुली आत येतात, हे विचारण्याचं बळ त्या सत्याग्रहाने दिलेलं आहे.

शेवटचा प्रश्न, ताकद कशासाठी? विदर्भात शरीर कमावण्याची परंपरा मोठी आहे. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासूनचं. मुलींच्या हाती काठीही आली. वर्ध्याला 1936 साली लक्ष्मीबाई केळकरांनी राष्ट्र सेविका समिती स्थापन केली, तिथे मुलींना शारीरिक शिक्षण मिळालं. घराबाहेर पडून अंग मोकळं करण्याची संधी अनेकींना तिथेच प्रथम मिळाली असेल, हे मी नाकारत नाही. पण तिथे ताकद राष्ट्रासाठी, धर्मासाठी, आदर्श माता होण्यासाठी होती. आजची जाहिरात सांगते, ताकद सडपातळ दिसण्यासाठी. आणि आपल्याही शिबिरांत आपण म्हणतो, ताकद छेड काढणाऱ्याला मारण्यासाठी. ते शिकलंच पाहिजे. पण बाईचं शरीर सतत कुणाच्या तरी संदर्भातच का मोजायचं? कुणी हल्ला केला नाही, कुणी पाहिलं नाही, देशाने बोलावलं नाही, तरी तिला पाण्यात उतरावंसं वाटलं, पडावंसं वाटलं, पुन्हा उभं राहावंसं वाटलं, तर तेवढं कारण पुरेसं आहे. आनंद हाही हक्क आहे, आणि तो मागायला आपण सगळ्यांत जास्त लाजतो.

म्हणून या मेळाव्यापुढे मी काही मागण्या ठेवते. शहरातल्या प्रत्येक सार्वजनिक पोहण्याच्या तलावावर सकाळी आणि संध्याकाळी बायकांची एकेक वेळ असावी, आणि बाकीच्या सर्व वेळा त्यांना खुल्या असाव्यात. शिकवायला आणि जीवरक्षक म्हणून बायका नेमाव्यात. महापालिकेच्या शाळांतल्या मुलींना तरंगणं आणि पोहणं मोफत शिकवावं, आणि सुरुवात पुराचं पाणी शिरलेल्या वस्त्यांपासून व्हावी. कपडे बदलण्याची सुरक्षित जागा असावी. आणि आपल्या प्रत्येक गटाने आठवड्यातून तीन दिवस, एक तास, एकत्र व्यायाम सुरू करावा. त्या तासाला मुलं कोण सांभाळणार, स्वयंपाक कोण करणार, ही चर्चाही आपल्या घरी त्याच आठवड्यात सुरू करावी. तो तास मिळवणं हा पहिला व्यायाम आहे आणि तोच सगळ्यांत अवघड आहे.

मेळाव्यानंतर मागच्या टेबलावर वही ठेवलेली आहे. आपलं नाव, वस्ती आणि कोणती वेळ जमेल ते लिहा. पोहता येत असेल तर तसंही लिहा, कारण शिकवणाऱ्या आपल्याला आपल्यातूनच तयार करायच्या आहेत. वयाची अट नाही. सलवार-कमीज चालेल. ओढणी मात्र घरी ठेवून या.